अकरा महिने

"देवावर माझा विश्वास नाही, काका," भिंग दिव्यासमोर धरून चष्मेवाला म्हणाला. "उगाच खेटे घालू नका."

हझ्झानकाका स्टुलावरून हलले नाहीत. ज्यूंच्या प्रार्थनालयात प्रार्थना गाऊन म्हणायचं काम त्यांचं, आणि चिकाटी गळ्याइतकीच दांडगी. चष्मेवाल्याच्या वडिलांचं दफन होऊन आठवडा झाला होता. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. एकुलत्या एका मुलाने रोज सकाळी दहा पुरुषांच्या जमावात उभं राहून त्यांच्यासाठी कद्दीश म्हणायला हवं होतं. मुलगा तिकडे फिरकला नव्हता.

"अरे, कद्दीशमध्ये मरणाचं नावसुद्धा नाही. नुसती देवाची स्तुती. पण ती मुलाच्या तोंडून निघाली, की वर बापाची बाजू उजळते."

"आणि वर कोणी नसलंच तर?"

"तर तुझी रोजची थोडी झोप गेली. पण असला तर?"

चष्मेवाल्याने मान फिरवून उजवा कान पुढे केला. डाव्या कानाने त्याला लहानपणापासून ऐकू येत नसे. "पुन्हा बोला."

"असला तर तो ऐकतो, म्हटलं. शब्दन् शब्द."

चष्मेवाला बराच वेळ तेच भिंग पुसत राहिला.

"किती दिवस यायचं?"

"अकरा महिने."

"वर्ष का नाही?"

काकांना हुरूप आला. "वरची झाडाझडती बारा महिन्यांची. पण पुरते बारा लागतात ते दुष्टाला. आपल्या बापाला त्या रांगेत कोण बसवेल? म्हणून मुलं महिनाभर आधीच थांबतात. तुझ्या वडिलांना तर अकरा मिनिटंही पुरतील, पण रीत ती रीत."

"येतो," चष्मेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला. आईलाही घेऊन आला. ती पडद्यामागे बायकांच्या बाजूला जाऊन बसली, आणि तो पुस्तकात बोट ठेवून अडखळत वाचू लागला. म्हाताऱ्या शिंप्याने सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हटलं. दहा पुरुष भरल्याशिवाय प्रार्थना होत नसे, आणि नऊ जणांवर अडून बसायची पाळी त्याच्यावर कितीदा आली होती; हा दहावा त्याला आभाळातून पडल्यासारखा वाटला.

चष्मेवाल्याचा एकही दिवस चुकला नाही. ताप अंगात असताना तो मफलर गुंडाळून आला. दुकानावर त्याने पाटी लावली: सकाळी दहानंतर.

"नास्तिक म्हणे!" शिंपी म्हणायचा. "हा नास्तिक, तर आपण कोण? मी तर निम्मा वेळ गुडघ्याचाच विचार करत असतो."

प्रार्थना संपली, की गुरुजींच्या आठवणी निघत. ते प्रवचनाला उभे राहायचे तेव्हा बाकांवर जागा मिळत नसे. बोलता बोलता आवाज खाली आणायचे आणि नकळत गाऊ लागायचे. 'दया' हा एकच शब्द ते असा घोळवायचे, की मागच्या रांगेतले हुंदके पुढे ऐकू यायचे. काकांनी गाणं त्यांच्याकडूनच घेतलं होतं.

"वहिनी, तुम्ही भाग्यवान," एकदा बाहेर पडताना ते म्हणाले. "तुम्हाला तो आवाज रोज घरात ऐकायला मिळाला."

"रोज," ती म्हणाली, आणि तिने वाकडं बसलेलं मनगट शालीत ओढून घेतलं.

काकांना गुरुजींची थट्टा आठवली. बायकोचा हात गळ्यात बांधलेला दिसला, की गुरुजी म्हणायचे, "काय करणार, आमच्या घरची फरशीच निसरडी!" सगळे हसायचे. काकांना आत्ताही हसू आलं.

अकरावा महिना संपला त्या दिवशी शिंप्याने डबाभर गोड आणलं. सभागृहाला गुरुजींचं नाव द्यायचं ठरलं होतं. दगड कोरून तयार होता.

"आता सुटलास," काका चष्मेवाल्याला म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दगडावरचा पडदा तेवढा तू ओढ."

"बघू." मग त्याने हळूच विचारलं, "काका, तो नक्की ऐकतो ना?"

"अकरा महिने उभा राहिलास, आणि अजून विचारतोस?"

"उगाच. खात्री करून घेतली."

काकांचे डोळे भरून आले. मेल्यावरही गुरुजींनी एकाला देवाच्या दारी आणलं होतं. त्या संध्याकाळी ही गोष्ट त्यांनी बायकोला दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी दहा भरावेत म्हणून शिंप्याने पुतण्याला उठवून आणलं होतं. त्याची गरज पडली नाही. चष्मेवाला आपल्या जागेवर येऊन बसला होता, आईही पडद्यामागे होती. कसलं बंधन नसताना आला, या आनंदात काकांचा आवाज त्या दिवशी विशेष लागला. कद्दीशची वेळ आली. सुतकातलं आता कोणी नव्हतं, म्हणून ते थेट पुढच्या प्रार्थनेकडे वळले.

बाक करकरला. चष्मेवाला उभा राहिला होता. हातात पुस्तक नव्हतं.

"अरे, झाले तुझे," शिंप्याने त्याची बाही ओढली. "काल अकरा संपले. बस खाली. बाराव्यातही उभा राहिलास, तर लोक गुरुजींबद्दल काय समजतील?"

"समजू देत," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याने सुरुवात केली. कुठेही न अडखळता, शब्दन् शब्द स्वच्छ.

पहिलं वाक्य संपलं. 'आमेन' म्हणायची जागा आली. पुरुषांपैकी कोणाच्या तोंडून आवाज फुटेना. काका पुस्तकाकडे बघत राहिले. शिंप्याने हातातली बाही सोडून दिली.

तेव्हा पडद्यामागून, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच, त्याच्या आईचा आवाज आला, "आमेन."