स्पर्शासह प्रतिसाद

अभिनेत्री यामिनी खोतच्या चाहत्यांच्या फोरमवर त्या रविवारी नवी सोय सुरू झाली. प्रतिसादासोबत आता लिहिणाऱ्याच्या हाताचा स्पर्श जोडता येत होता. यामिनीने करार करून तळहातात चिप बसवून घेतली होती, त्यामुळे तो थेट तिच्यापर्यंत पोचत होता.

जळगावच्या कुमुदिनी भंगाळे यांनी लिहिलं, 'तुझा हात हातात घेतेय, बाळा.' चहाच्या पातेल्याने नुकत्याच भाजलेल्या बोटांचा दाहही स्पर्शासोबत गेला, हे त्यांच्या लक्षात आलं ते पाठवल्यावर. तोवर फोरमच्या रिवाजाप्रमाणे सहमती म्हणून खाली चाळीस जणांनी '+१' लिहिलं होतं. प्रत्येक '+१' बरोबर तोच स्पर्श पुन्हा जात होता.

समोर टीव्हीवर यामिनीच्या नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. संवाद म्हणता म्हणता ती हात छातीशी धरून किंचाळली. नाट्यगृहात टाळ्या पडल्या.

कुमुदिनीबाईंनी प्रतिसाद काढून टाकायची विनंती केली. 'काकू, खाली उत्तरं आली की प्रतिसाद उडवता येत नाही,' ॲडमिनने कळवलं.

त्यांनी घाईने लिहिलं, 'कृपा करून +१ देऊ नका. माझा हात भाजलाय, तिला तेच सोसावं लागतंय.'

'सोसू द्या की, काकू,' एकाचं उत्तर आलं. 'सात वर्षांत पहिल्यांदा रडणं जमलंय तिला.'

रंगमंचावर यामिनी गुडघ्यांवर कोसळली. घाईत आपल्या विनवणीलाही स्पर्श जोडला गेल्याचं कुमुदिनीबाईंना तेव्हा दिसलं. त्या विनवणीखाली नऊशे जणांनी '+१' लिहिलं होतं.