कंपनी तीच

आमचा ऋतुराज कोलशेतच्या एका कंपनीत आणि सून संचिता रस्त्यापलीकडच्या कंपनीत. दिवाळीत दोन्ही कंपन्या एक झाल्या, फाटकावर नवी पाटी लागली आणि ऋतुराजच्या साहेबांनी दोघांना बोलावलं.

"आपल्याकडे नवरा-बायको एकत्र चालत नाहीत. दोघांपैकी एकानं राजीनामा द्यायचा."

ऋतुराजचा चेहरा पडला. "साहेब, तो जुन्या कंपनीचा नियम. ही तर नवी कंपनी ना?"

"अहो, पाटी बदलली फक्त. कंपनी तीच, नियमही तेच."

संचिताला हसू आवरेना.

 

"मग साहेब, माझा राजीनामा तुमच्याच कपाटात असेल बघा. आमचं लग्न ठरलं तेव्हा याच नियमापायी तो इथे देऊन मी पलीकडे गेले होते."