अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव

"त्र्याण्णव झाले रे!" उषाबाई फोनमध्ये ओरडल्या. "कुंदन, ऐकतोयस का? त्र्याण्णव!"

"ओरडू नको, मोठी माय. पंख्यांचा आवाज येतोय ना?"

"कान किटले त्या आवाजाने."

"मग घाबरू नको. खिडकी उघड, टेबलफॅन डब्याकडे वळव. उतरेल." नातवाने आवाज उतरवला. "बाबा उठले नाहीत ना?"

"नाही उठले. घर पेटलं की उठतील!"

तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

उषाबाईंनी टेबलफॅन वळवला. मे महिन्यातली दुपार डिंडोलीतल्या त्या खोलीत भरून राहिली होती. खाटेवर त्यांचे यजमान, कुंदनचे आजोबा उखाजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. उशाशी, खाटेला खेटूनच, कुंदनचा काळा कॉम्प्युटर होता. एका बाजूचं झाकण काढलेलं, आत पाच पंखे घोंघावत होते आणि पडद्यावर तापमानाचा एक आकडा होता. एवढ्या एका आकड्याने त्यांचा जीव टांगणीला लावला होता.

कुंदन उधन्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. एकेक भाग जमवून त्याने हे यंत्र गेम खेळायला उभं केलं होतं. मागल्या पंधरवड्यात त्याने ते आपल्या कोपऱ्यातून उचलून इथे आणलं. इथला प्लग बरा आहे म्हणे. तेव्हापासून दुपारी जेवायला आला की तो ते चालू करून ठेवी आणि दुकानात परत जाई.

"गेम कुठे दिसतोय यात?" त्यांनी विचारलं होतं.

"गेम नाही, टेस्ट आहे. हा प्रोसेसर, म्हणजे ह्याचा मेंदू. ठरलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पळाला की तापतो, तापला की पंखे जोरात फिरतात."

उषाबाईंना ते कळलं, आणि कळलं म्हणूनच त्या डब्यापासून दोन पावलं मागे सरकल्या. लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, त्यांनी अठरा वर्षं बॉबिन भरायचं काम केलं होतं. तिथला शेठ मोटरची पुली बदलून लूम असेच जास्त पळवायचा. एका दुपारी एक मोटर तापली, वास सुटला. देखरेखीचा मास्तर म्हणाला, चालू दे. त्यांचा धाकटा भाऊ छगन त्या पेटल्या खात्यातून बाहेर आलाच नाही.

"मग कमी पळव ना रे बाबा."

"कमी नको. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, एवढ्यातच राहायला पाहिजे. शंभरावर गेला तर आपोआप बंद पडतो. खाली आला तर..."

"खाली आला तर काय?"

"तर नाही चालत. तुझ्या पोटात काही राहत नाही, तुला कशाला सांगू?"

त्या आकड्यांसाठी त्याने काय कमी खटपट केली? प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. वेग कणाकणाने वाढवला, व्होल्टेज जरा उतरवलं, पंखे बदलले. दर पाच मिनिटांचा आकडा वहीत लिहिला. एवढं डोकं अभ्यासात लावलं असतं तर, असं उषाबाईंच्या मनात येऊन गेलं.

त्यात उशाशी हे झोपलेलं माणूस. अडतीस वर्षं लूमच्या घोंघाटात काढलेल्या उखाजींची काम सुटल्यावर झोपच उडाली होती. रात्र नाही, दिवस नाही. खोलीत येरझारा घालायचे, मग दार उघडून चालू लागायचे. थंडीत एकदा तर रेल्वेच्या रुळांवर सापडले. झोप लागली नाही तर हृदय साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्यांनीही डोळा लागेना. शेवटी मागल्या पंधरवड्यात उषाबाईंनी कानबाईला नवस बोलला आणि कानबाई पावली. आता जेवून आडवे झाले की दिवेलागणीपर्यंत कूस बदलत नाहीत. एवढ्या घोंघाटातही!

कुंदनला हे सांगितलं तेव्हा तो नुसता हसला होता. "पावली ना? मग झालं."

पंच्याण्णव.

उषाबाई खिडकीपाशी जाऊन आल्या. बाहेरून आत येत होती ती झळच. शहाण्णव. आता वास येऊ लागला, तापलेल्या धुळीचा. हा वास त्यांना ओळखीचा होता.

फोन वाजला.

"मोठी माय, मोबाइलवर दिसतंय मला. मी निघालोय, पुलावर अडकलोय. दहा मिनिटं."

"वास येतोय रे!"

"धूळ जळतेय, बाकी काही नाही. शंभर झाले तर ते स्वतःच थांबेल. तू हात लावू नको. तुला माझी शपथ."

"तुला तुझ्या खेळण्याची पडलीय! इथे जितंजागतं माणूस झोपलंय!"

"अगं, म्हणूनच तर..."

त्यांनी फोन कापला. मास्तरही असंच म्हणाला होता, चालू दे.

सत्त्याण्णव.

उखाजींना हलवून उठवावं, बाहेर न्यावं? त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यापर्यंत गेला. तोंड किंचित उघडं, श्वास संथ, कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेलेल्या. किती महिन्यांनी मिळालेली ही झोप! ती मोडायला हात धजेना. त्यांनी हात मागे घेतला. ‘सुटली शपथ’ असं पुटपुटत कानबाईची क्षमा मागितली, आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखे गरगरत मंदावले आणि एकेक करून थांबले. मोरीत नळ ठिबकत होता, तो ऐकू येऊ लागला.

उषाबाईंनी पदराने मान पुसली. घर वाचलं होतं.

पाठीमागे खाट करकरली. उखाजी उठून बसले होते. डोळे ताठ उघडे, पाय जमिनीवर चपला शोधत होते.

"लाइट गई का वं?" ते म्हणाले. "सगळं खातं कसं काय बंद पडनं?"