तिसरी बाटली

सांगलीतल्या आपल्या दारूच्या दुकानात मदनने काउंटरखालून खोके काढले आणि नानासोंच्या पुढ्यात ठेवले. "घ्या. पुण्याच्या डीलरनं चार म्हैनं रडवलं. आवं, तुमच्यापायी मी जगाचा नकाशा बघाय शिकलो."

नानासोंनी चष्मा पुसून लेबल वाचले. मार्टिनिक बेटावरची. मळीची नव्हे, उसाच्या ताज्या रसाची रम. खिशातल्या वहीतल्या नावाशी त्यांनी एकेक अक्षर ताडून पाहिले. जुळत होते.

अडीच वर्षे ते ही वही घेऊन फिरत होते. लोणंदच्या दुकानदाराने नाव दोनदा विचारले आणि शेवटी नेहमीचीच काळी बाटली पुढे सरकवली. पाटणला एका निवृत्त सुभेदाराने कॅन्टीनच्या कोट्यातली देऊ केली. रम म्हणजे थंडी आणि गरम पाणी, याखेरीज तिचे आणखी काही होते हे त्याला पटेना. साताऱ्यात तर एक जण म्हणाला, "काका, चौफेर ऊस, अन् तुमी रमसाठी वणवण करताय व्हय?" बोलणे खोटे नव्हते. नानासोंची सारी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतच झाली होती.

स्वतः ते थेंबही घेत नसत. यादी यशराजची होती, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, हॉटेलच्या बारमध्ये पेये बनवी. चार वर्षांत तो पलूसला घरी आला नव्हता. आईच्या दिवसांनाही त्याला रजा मिळाली नाही. त्यानंतर एकदा फोनवर म्हणाला, "आबा, तीन तऱ्हेच्या रम अन् अननसाचा रस, असं एक करतो मी. लोक लय लांबनं येत्यात त्यासाठी. तुमी बाटल्या जमवा, मी येतो अन् माझ्या हातानं पाजतो." नानासोंनी नावे उतरवून घेतली. पहिल्या दोन बाटल्या आता घरी, मिठाच्या बरणीशेजारी उभ्या होत्या.

"लावा की फोन," मदन म्हणाला. "येऊ द्या त्याला. मलाबी चव बघायचीय."

सांगलीत संध्याकाळचे पाच वाजले होते. तिकडे नुकतेच उजाडले असणार. नानासोंनी दुकानातूनच फोन लावला.

"मिळाली बघ तिसरी," ते म्हणाले. "मग कवा निघतोस?"

यशराज म्हणाला, "आबा, आणि एक लागती. वरनं चार थेंब सोडाय. हितल्याच बेटावर, लाकडी पिंपात साठ वर्षं मुरलेली. ती गावली की आलोच बघा."

नानासोंनी वही उघडली. पेन काढले. डिस्टिलरीत एकतीस वर्षे त्यांच्याकडे एक काम ठरलेले होते: दर उन्हाळा सरला की प्रत्येक पिंपात पट्टी बुडवायची आणि हवेत उडून गेलेली घट लिहायची. उष्ण मुलखात साठ वर्षे ठेवलेल्या पिंपात रम राहत नाही. त्याच्या कितीतरी आधी आत कोरडे लाकूड उरते.

"बरं," ते म्हणाले. "हुडकतो मी. तू घाई करू नकोस."