एकेक फट

भिंतींची ओल थांबवणारा तो मिस्त्री. आई हिवाळ्यापुरती ताईकडे गेली, तेव्हा तिने रचलेल्या गाण्यांची वही ओलसर घरात नको, म्हणून त्याने पत्र्याच्या खोलीत ठेवली आणि तिथली एकेक फट मायेने बुजवली. आज आई ताईबरोबर परतली, ती सगळं विसरून. तिचीच गाणी ऐकवली तर लेकरांना ओळखेल, एवढीच आशा. वही आणायला त्याने दार उघडलं, तर छपराला आतून थेंब लोंबत होते. जमिनीतल्या ओलीला बाहेर जायला वाटच उरली नव्हती. थंड पत्र्याला लागून तिचं पाणी झालं होतं. वहीचा लगदा झाला होता. "लोकांच्या भिंती सुकवतोस ना रे, शहाण्या?" म्हणता म्हणता ताईला रडू फुटलं. तो आईपाशी बसला, आठवतील तशा दोन ओळी म्हणाला. आईने डोळे मिटून ऐकलं. "छान आहे हो. तुमच्या आईचं का?"