सोवळ्यातला रेडिओ

वसुमतीने चिकपेटेच्या बाजारातून आणलेली स्वस्तातली खेळण्यातली गाडी खोलली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अय्यो, चांगली पळती गाडी मोडलीस गं!" गाडीला लांब वायर होती आणि टोकाच्या डबीवर पुढे-मागे पळवायची दोन बटणं. टेलिफोनच्या कारखान्यात तारांना कथलाचा डाग देऊन जोडणाऱ्या वसुमतीने गाडीची मोटर रेडिओच्या स्टेशन बदलायच्या खुंटीला जोडली आणि डबी स्वयंपाकघरात ठेवली. सोवळ्यातल्या सासूबाईंना रेडिओ शिवता येत नसे आणि सून कामावर गेली की त्यावरचं कीर्तन चुके. आता सोवळं वाळत घालायच्या काठीने बटण दाबलं की झालं. दुसऱ्या दिवशी विसरलेल्या छत्रीसाठी वसुमती परतली, तर रेडिओवर सिनेमातलं प्रेमगीत चालू होतं आणि सासूबाई काठीने ताल धरत होत्या. सुनेला पाहताच काठी थबकली. "वाटेत कीर्तन लागलं होतं, पण तुझी गाडी थांबलीच नाही!"