बारा नंबरच्या बाई

"जेवलीस का?" बाईंनी विचारलं, आणि हॉलमध्ये हशा पिकला.

प्रशिक्षकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मॅडम, जेवणाचं नंतर. ही म्हणतेय की दमलेय, आता कशातच राम वाटत नाही. मग तुम्ही काय विचारायचं?"

बाईंनी समोरच्या मुलीकडे पाहिलं. ती एका शाळेत समुपदेशक होती आणि आत्ता पेशंटचं सोंग घेऊन बसली होती. बाईंनी वही उघडली, त्यातली ओळ शोधली आणि वही पुन्हा मिटली.

यादीत चाळीस नावं होती, चाळीसही परवानाधारक समुपदेशकांची, आणि चाळीसही खुर्च्या भरल्या होत्या. हौसेने मात्र कोणी आलं नव्हतं. नियम नवा होता. आत्महत्या रोखण्याचं सहा तासांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होणार नव्हतं. काही जण नाकं मुरडत होते, काही टेबलाखाली मोबाइल बघत होते. वीस-वीस वर्षं हेच करतोय, आता आम्हाला कोण शिकवणार, असा एकूण नूर होता.

प्रशिक्षकांनी तो मनावर घेतला नाही. हा नियम व्हावा म्हणून त्यांनी चार वर्षं परवाना देणाऱ्या मंडळाच्या दारात चपला झिजवल्या होत्या. त्यांचाच एक पेशंट एका मंगळवारी हसत निरोप घेऊन गेला आणि पुढच्या मंगळवारी आला नाही. त्याला एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो कसा विचारायचा, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून आता त्यांची अट एकच होती. तो प्रश्न प्रत्येकाने समोरच्याच्या डोळ्यांत बघून, मोठ्यांदा विचारायचा. आडवळण नको. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, आत असेल तर बाहेर येतो, हे ते सकाळपासून घसा फोडून सांगत होते.

एकोणचाळीस जणांनी विचारला. घोडं अडलं ते बाईंपाशी.

बाई साठीच्या पुढच्या, यादीत बारा नंबर. पहिल्या रांगेत बसून त्यांनी शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतला होता. चहाच्या सुट्टीतही त्यांनी प्रशिक्षकांना गाठलं. माणूस एकाएकी शांत झाला, तर ते चांगलं लक्षण की वाईट? आवडीच्या वस्तू देऊन टाकायला लागला तर? आणि जो दिवसभर दुसऱ्यांना सावरतो, त्याचं कसं ओळखायचं? त्यालाही विचारायचंच, असं सांगून प्रशिक्षक कपात साखर ढवळत राहिले. एवढे केस पिकले आणि प्रश्न पहिलीतले, असं त्यांच्या मनात आलं. मग बाईंच्या पेशंटांची त्यांना काळजी वाटली.

बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. "झोप होते ना गं तुझी?" मग तिसऱ्यांदा, "तुला... तुला बरं वाटत नाहीये का?" आता कोणी हसत नव्हतं. सोंग घेतलेल्या मुलीच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि तिने मान फिरवली.

पाच वाजता सगळे प्रमाणपत्र घेऊन पांगले. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. प्रशिक्षकांनी त्यांना समजावून सांगितलं की आपला नाइलाज आहे, प्रश्न विचारल्याशिवाय सही करता येत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा वर्ग आहे.

"पुढच्या महिन्यात नको," बाई म्हणाल्या. "आज शिकवा."

प्रशिक्षकांनी खुर्ची ओढली आणि ते समोर बसले. "मी पेशंट. विचारा."

मागे सफाई कर्मचारी खुर्च्या एकावर एक रचत होती. बाईंनी तो खडखडाट थांबू दिला. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले.

"तुला मरावंसं वाटतंय का?"

आवाज फाटला होता, पण नजर हलली नाही.

"हो," प्रशिक्षक ठरल्याप्रमाणे म्हणाले.

बाईंनी वही पुढे ओढली. "मग आता मी काय करू?"

प्रशिक्षकांनी सांगितलं. नुसतं ऐकायचं. रागवायचं नाही, समजूत काढायची घाई करायची नाही. एकटं सोडायचं नाही, आणि तिथूनच मदत बोलवायची. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि ओळींखाली रेघ ओढली.

"एवढंच?"

"एवढंच. अवघड असतं ते तोंडातून काढणं."

"एवढंच होतं," बाई पुटपुटल्या.

प्रशिक्षकांना भरून आलं. दिवसभरात एक माणूस तरी खरंच शिकून चाललं होतं. त्यांनी यादीत बघून प्रमाणपत्रावर नाव घातलं, सही केली आणि कागद पुढे सरकवला. आता खुशाल कामावर जा, तुमच्यासमोर बसणारा माणूस नशीबवान, असं ते मनापासून म्हणाले.

बाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं.

"हे माझ्या मुलीचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलावण्याचं पत्र घरी आलं, तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते."